तंबाखू? – नाही

परवा रविवारी भाचा दादरला घरी आला होता. मटण झालं, पान झालं, आणि हा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. लग्न ठरलंय त्याचं, त्यामुळे अचानक जबाबदारीची जाणीव वगैरे. टर्म इन्शुरन्सचा अर्ज भरत होता. मी पेपर वाचत होतो.

"मामा, इथे तंबाखूचं विचारलंय. कोणत्याही स्वरूपात घेता का म्हणून. 'नाही' करतो ना?"

आता याला ऑफिसखालच्या टपरीवर दिवसातून दोनतीनदा सिगरेट लागते हे मला माहीत आहे. त्याच्या आईला माहीत नाही. (ताई, आता कळलं. त्याला ओरडू नकोस, पुढे वाच.)

मी चटकन काही बोललो नाही, कारण मला आबा आठवले.

आबा म्हणजे माझे थोरले काका. लालबागला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायचे. गिरणीत साच्यावर होते. कमरेला चंची, चंचीत जर्दा आणि चुन्याची डबी. डाव्या तळव्यावर तंबाखू घेऊन उजव्या अंगठ्याने मळायची, दोन टिचक्या मारून चुरा उडवायचा आणि चिमूट गालात. गिरणीत चौफेर कापूस, त्यामुळे खात्यात बिडी पेटवायची सोय नव्हती. गालातली तंबाखू पेट घेत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि रातपाळीला भूक मारते. व्यसन कसलं, ते कामाच्या हत्यारांपैकीच एक होतं! बायकांचं तेच. काकू रोज सकाळी मशेरी लावायची आणि त्याला 'दात घासणं' म्हणायची.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आबा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. गिरणी गेली, मग आबा वॉचमन झाले. हातात थोडे पैसे खेळायला लागल्यावर, १९८७ च्या सुरुवातीला, त्यांनी पंचवीस हजारांचा विमा उतरवला. एजंट चाळीतलाच, खालच्या मजल्यावरचा. अर्ज इंग्रजीत. त्याने भराभर भरला आणि आबांनी मराठीत सही केली. मी तेव्हा शाळेत होतो आणि 'शिकलेला' म्हणून शेजारी बसलो होतो. तंबाखूच्या प्रश्नापुढे एजंटने 'नो' लिहिलं. आबांच्या गालात त्या क्षणीही तंबाखू होती. एजंट म्हणाला, "सगळेच लिहितात. आणि आबा, दोन वर्षं निघाली की कोण विचारत नाही."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.



आता थोडा इतिहास. (कंटाळा आला तर खालच्या दोन चांदण्यांपर्यंत उडी मारा, पण मारू नका!)

विम्याच्या अर्जात खरं सांगायचं हा नियम फार जुना. त्याचं प्रसिद्ध मूळ १७६६ सालच्या लंडनमधल्या एका खटल्यात आहे, कार्टर विरुद्ध बोहम. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा एक किल्ला होता. त्याच्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला. फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि विमेवाला म्हणाला, तुम्ही किल्ला किती कच्चा आहे ते सांगितलं नाहीत. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी तत्त्व मांडलं की विम्यात धोक्याची खरी माहिती एकाच बाजूकडे असते, म्हणून तिने ती लपवता कामा नये. विद्यार्थ्यांना एवढंच शिकवतात. पण गंमत पुढे आहे. तो खटला विमेवाला हरला! कारण किल्ल्याची अवस्था त्याला ठाऊक होती किंवा सहज कळण्यासारखी होती. म्हणजे सचोटीचा नियम पहिल्यापासून दुधारी आहे. जे समोर दिसतंय त्याकडे डोळेझाक करून हप्ते घ्यायचे आणि नंतर 'फसवलं' म्हणून ओरडायचं, हेही चालत नाही.

आबांचे दात त्या एजंटला दिसत नव्हते का? असो.

आपल्या मुंबईत विमा आला तो साहेबाच्या कंपन्यांबरोबर, आणि त्या नेटिव्ह माणसाला, घेतलंच तर, जादा हप्त्यावर घ्यायच्या. त्याला तंबाखू, दारू, रोग असलं कारण लागत नसे. हिंदी असणं हाच धोका! १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली, तिने हिंदी माणसाचा विमा इतरांच्याच दराने घ्यायला सुरुवात केली. तर आपल्या लोकांच्या मनात विम्याच्या अर्जाबद्दल जी अढी आहे, तिला थोडा आधार आहे. जो कागद तुमच्या जन्मालाच जादा आकार लावतो, त्याच्याशी खरं बोलावंसं कोणाला वाटेल?

मग १९३८ चा विमा कायदा आला आणि त्यातलं कलम ४५. घेताना फारशी चौकशी न करता हप्ते घ्यायचे आणि माणूस गेल्यावर अर्जातली चूक शोधून पैसे नाकारायचे, याला लगाम घालायला हे कलम होतं. पॉलिसीला दोन वर्षं झाली की नुसती 'माहिती चुकीची होती' म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. महत्त्वाची गोष्ट, जाणूनबुजून, फसवायच्या हेतूने लपवली हे कंपनीने सिद्ध करायचं. म्हणजे दोन वर्षांनंतर खोटं माफ होत नव्हतं, फक्त सिद्ध करायचा बोजा कंपनीवर जात होता. चाळीत पोचेपर्यंत त्याचं 'दोन वर्षं निघाली की कोण विचारत नाही' झालं.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री सी. डी. देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विमा सरकार ताब्यात घेत असल्याचं जाहीर केलं. देशमुख आपल्या महाडकडचे. आणि तो आठवडा कुठला होता बघा. तीन दिवस आधीच मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायची घोषणा झाली होती, गिरगाव-लालबाग-परळचे लोक रस्त्यावर होते, गोळीबार चालू होता. मुंबईच्याच प्रश्नावर देशमुखांनी त्या वर्षी मंत्रिपद सोडलं. १ सप्टेंबर १९५६ ला १५४ भारतीय, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. त्या जानेवारीत रस्त्यावर असलेल्या माणसाला रेडिओवरच्या विम्याचं काय सोयरसुतक असणार! पण पुढे त्याच्याच खोलीत, देवांच्या तसबिरींमागे, पॉलिसीचा लिफाफा जाऊन बसला.

तंबाखूला विम्यात खरा भाव आला तो १९६४ नंतर. त्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा अहवाल आला आणि त्याच वर्षी तिथल्या स्टेट म्युच्युअल कंपनीने सिगरेट न ओढणाऱ्यांना स्वस्त पॉलिसी देऊ केली. आपल्याकडे ओढणाऱ्याला एक दर आणि न ओढणाऱ्याला दुसरा, ही पद्धत रुळली ती २००० नंतर, खाजगी कंपन्या आणि टर्म प्लॅन आल्यावर. आबांच्या काळच्या साध्या पॉलिसींना असा वेगळा दरतक्ता नसे. म्हणजे त्या एजंटने लिहिलेल्या 'नो' मुळे आबांचा बहुधा एक रुपयाही वाचला नव्हता!



१९८८ च्या पावसाळ्यात आबांच्या गालात आतून जखम झाली. ती भरेना. काकूने हळद लावली, तूप लावलं. तिखट खाता येईना. माझे वडील म्हणाले, दाखवून घ्या. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथे उभं आहे, आमच्या चाळीतून पायी वीस मिनिटं. आबा हो हो म्हणायचे आणि जायचे नाहीत. आम्हाला वाटलं घाबरतायत.

ते घाबरत होतेच, पण रोगाला नाही. कागदाला. डॉक्टर पहिला प्रश्न तंबाखूचा विचारणार, उत्तर केसपेपरवर चढणार, आणि तो कागद अर्जातल्या 'नो' च्या समोर उभा राहणार. आबा दोन वर्षं पुरी व्हायची वाट बघत होते. हे त्यांनी फक्त काकूला सांगितलं होतं आणि काकूने आम्हाला फार नंतर सांगितलं. दोन वर्षं पूर्ण झाली त्याच्या चौथ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले. तोवर मानेत गाठी आल्या होत्या. १९८९ ची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

मग चौकशीला एक माणूस आला. सभ्य होता. दारोदार विचारत गेला, "यांना काही व्यसन होतं का?" आणि अख्ख्या चाळीने सांगितलं, "छे हो, सुपारीचं खांडसुद्धा नाही." ज्यांनी आबांकडून उसनी तंबाखू घेतली होती त्यांनी सांगितलं. माळकरी शेजाऱ्याने सांगितलं. माझ्या आईने सांगितलं, जिने आयुष्यात मला एक खोटं पचू दिलं नाही. काकूला पैसे मिळाले. त्यांतून चुलतबहिणीचं लग्न झालं.

मी बरीच वर्षं ही गोष्ट चाळीच्या मोठेपणाची म्हणून सांगत होतो. एका विधवेसाठी चाळीस बिऱ्हाडं एक झाली! ती झालीच, आणि त्या दिवशी मी मोठा असतो तर मीही तेच सांगितलं असतं. पण हल्ली तिची दुसरी बाजू दिसते. विमा म्हणजे शेवटी मोठी भिशीच. गल्ल्यातले पैसे साहेबाचे नव्हते, आबांसारख्याच कुणाकुणाचे होते. आणि खरी किंमत गल्ल्याने दिलीच नाही. ती आबांनी दिली, ते सहासात महिने घालवून. जखम पॉलिसीनंतरची होती. डॉक्टरकडे जाणं हा गुन्हा नव्हता. वेळेवर गेले असते तर कदाचित दाव्याची वेळच आली नसती. पण एकदा 'नो' लिहिल्यावर त्यांना स्वतःच्या तोंडाशीसुद्धा खोटं बोलावं लागलं.

आणखी एक. १९९० नंतरच्या वर्षांत संशोधकांनी मुंबईत घरोघर जाऊन, ३५ वर्षांवरच्या जवळपास एक लाख लोकांना तंबाखूबद्दल विचारलं, छोट्या हातातल्या कॉम्प्युटरवर उत्तरं टिपत. पुरुषांत सुमारे ६९ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्क्यांच्या वर लोकांनी 'हो' सांगितलं, स्त्रियांची जवळजवळ सगळी बिनधुराची, म्हणजे मशेरीसारखी. वाचून मी थक्क झालो. म्हणजे आपले लोक मुळात लपवणारे नाहीत. दारात उभं राहून साधेपणाने विचारलं, उत्तरामुळे काही जाणार नसलं, तर खरं सांगतात. खोटं सांगायची सवय अर्जाने लावली, आणि अर्ज भरणाऱ्याने.

तर मी हे सगळं भाच्याला सांगितलं. शिवाय सांगितलं की २०१५ च्या दुरुस्तीनंतर दोनाची तीन वर्षं झाली आहेत. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण त्याआधी येतं. पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि लघवीच्या तपासणीत कोटिनिन नावाचा निकोटिनचा माग काही दिवस सापडतो, मग सिगरेट असो की मशेरी. 'मी ओढत नाही, नुसती लावते' हे तिथे चालत नाही.

तो म्हणाला, "पण मामा, 'हो' केलं की हप्ता जवळजवळ दीडपट दाखवतोय."

मी म्हटलं, "मग तो आकडा लिहून कपाटाला चिकटव. त्या टपरीचं वर्षाचं भाडं आहे ते."

हसला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, "आजीला माहीत होतं? आबा थांबलेत ते?"

"नाही. फक्त काकूला."

त्याने 'हो' वर क्लिक केलं. मग फोन उचलून बाल्कनीत गेला. मला वाटलं सिगरेट ओढायला गेला. होणाऱ्या बायकोशी बोलत होता. तिलाही हे माहीत नव्हतं म्हणे.