सात अधिक तीन : प्रौढांच्या रक्तकर्करोगावरील संयुक्त औषधोपचाराचा इतिहास

१/
'सात अधिक तीन.' रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात एवढे दोन आकडे उच्चारले की डॉक्टरांना पुढचे सांगावे लागत नाही. एक औषध सात दिवस, दुसरे त्यांतील तीन दिवस. १९७३ साली प्रसिद्ध झालेला हा उपचार अर्धे शतक उलटूनही वापरात आहे. औषधे एकत्र देण्याची कल्पना कोठून आली, आणि ती खरोखर उपयोगी आहे हे कसे ठरले, त्याचा हा इतिहास.

२/
आधी रोग समजून घेऊ. रक्तपेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. तीव्र ल्युकेमियात तेथील अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की थकवा येतो, प्लेटलेट घटल्या की रक्तस्राव होतो, कार्यक्षम पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्ग होतो. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ साली 'ल्युकेमिया' हे नाव दिले. मात्र पुढची शंभर वर्षे तीव्र ल्युकेमियाला नाव होते, उपाय नव्हता.

३/
पहिला तडा १९४८ साली गेला. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध १६ मुलांना दिले आणि त्यांपैकी १० मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. फॉलिक आम्लाशी साधर्म्य असलेले हे औषध लेडर्ली कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले, ते होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

४/
परंतु ही सुधारणा टिकत नसे. काही आठवड्यांत वा महिन्यांत रोग परते आणि तेच औषध आता निष्प्रभ ठरे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. रोगाची चिन्हे नाहीशी होणे म्हणजे 'माघार'. रोग समूळ जाणे म्हणजे 'बरे होणे'. या संपूर्ण इतिहासातील झगडा या दोहोंमधील अंतराशी आहे.

५/
औषधाला रोग सरावतो, हा अनुभव क्षयरोगाने नुकताच दिला होता. ब्रिटनमधील १९४८ च्या प्रसिद्ध चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन गुणकारी ठरले, पण क्षयाचे जंतू त्याला दाद देईनासे झाले. त्याच्या जोडीला पॅस हे दुसरे औषध दिल्यावर प्रतिकार रोखला गेला, हे १९५० साली सिद्ध झाले. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. मग कर्करोगाच्या पेशींचे काय?

६/
हा प्रश्न अमेरिकेत एमिल फ्राय, जेम्स हॉलंड आणि एमिल फ्रायराइक यांनी हाती घेतला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन ही दोन औषधे एकत्र देण्याच्या दोन पद्धतींची तुलना होती. कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरवले गेले. कर्करोगाच्या उपचारात ही शिस्त तेव्हा नवीन होती.

७/
त्यामागचे गणित अलाबामातील हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून १९६४ साली मांडले. औषध दर वेळी पेशींची ठरावीक संख्या मारत नाही, ठरावीक प्रमाण मारते. समजा, रुग्णाच्या शरीरात एक लाख कोटी रोगट पेशी आहेत आणि औषधाने त्यांतील ९९.९ टक्के मारल्या. तरीही १०० कोटी उरतात! सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसते, रुग्णाला बरे वाटते. आणि रोग आत दबा धरून असतो. स्किपर यांच्या उंदरांत तर एकच जिवंत रोगट पेशी मृत्यूला पुरेशी ठरत होती.

८/
तेव्हा नियम ठरला : प्रत्येक औषध स्वतंत्रपणे गुणकारी हवे, त्यांच्या माऱ्याच्या पद्धती वेगळ्या हव्यात, आणि शक्यतो त्यांचे दुष्परिणामही वेगवेगळ्या अवयवांवर व्हावेत. फ्रायराइक आणि फ्राय यांनी १९६२ च्या सुमारास मुलांसाठी चार औषधांचा 'व्हॅम्प' उपचार सुरू केला. त्यातील व्हिन्क्रिस्टिन हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. मुलांमधील ल्युकेमिया बरा होण्याच्या दिशेने हे निर्णायक पाऊल होते.

९/
प्रौढांना मात्र त्याचा फारसा लाभ झाला नाही. मुलांत बहुधा लिम्फोब्लास्टिक प्रकार आढळतो, प्रौढांत बहुधा मायलॉइड. नावे जवळची असली तरी रोग निराळे आहेत. मुलांना तारणारी औषधे मायलॉइड पेशींवर तोकडी पडत. प्रौढांसाठी नवी शस्त्रे शोधणे भाग होते, आणि ती अनपेक्षित ठिकाणी सापडली.

१०/
पहिले समुद्रात. वेर्नर बेर्गमान यांना कॅरिबियन भागातील एका स्पंजात निराळ्या घडणीची न्यूक्लिओसाइड सापडली. त्यांच्या रचनेवरून सुचलेले सायटाराबिन १९५९ साली कॅलिफोर्नियात प्रयोगशाळेत तयार झाले. पेशी आपल्या डीएनएची नक्कल करत असते त्याच वेळी हे औषध तिला अडवते. पण शरीर ते झपाट्याने निकामी करते आणि सगळ्या पेशी एकाच वेळी विभागत नाहीत. म्हणून ते सलाईनमधून दिवसरात्र, सलग द्यावे लागते. सूत्रातील 'सात' या आकड्यामागे हे तर्कशास्त्र आहे.

११/
दुसरे मातीत. दक्षिण इटलीतील कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातील किल्ल्याच्या परिसरातील मातीत एक सूक्ष्मजीव मिळाला. तो लाल रंगाचे द्रव्य तयार करी. त्याच सुमारास फ्रान्समध्येही तेच द्रव्य हाती लागले. त्या प्रदेशातील प्राचीन दाउनी लोकांवरून आणि माणकाच्या लाल रंगावरून त्याचे नाव पडले डॉनोरुबिसिन. औषध जालीम, पण एकूण मात्रा वाढली तर हृदयाला इजा करणारे. म्हणून ते तीनच दिवस.

१२/
तिसरी गोष्ट औषध नव्हतीच. असा मारा केला की रोगट पेशींबरोबर निरोगी मज्जाही रिकामी होते आणि ती पुन्हा भरायला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात रुग्ण रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावण्याची भीती असते. फ्रायराइक प्रभृतींनी प्लेटलेट चढवून रक्तस्राव रोखता येतो हे दाखवले. प्रभावी प्रतिजैविकेही आली होती. हा आधार नसता, तर कोणताही संयुक्त उपचार रोगाआधी रुग्णालाच संपवता.

१३/
बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत जेरोम येट्स, हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे एकत्र आणले. सायटाराबिन सात दिवस सलग, डॉनोरुबिसिन पहिले तीन दिवस. १९७३ साली हा उपचार प्रसिद्ध झाला. कालपर्यंत ज्यांच्यासाठी फारसे काही करता येत नव्हते, अशा प्रौढांपैकी अनेकांना संपूर्ण माघार मिळू लागली.

१४/
इतिहासाच्या दृष्टीने पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. उपचार चांगला वाटतो एवढ्यावर कोणी थांबले नाही. सात अधिक तीन बरे, की पाच अधिक दोन? सौम्य उपचार पुरेसा असेल तर रुग्णाला जास्त त्रास का द्यावा? राजस्थानात जन्मलेले कांती राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली याचे उत्तर दिले : सात अधिक तीनच सरस. पुढे दहा दिवसांचा उपचार झाला, तिसऱ्या औषधाची भर घालून पाहिली, सायटाराबिनची मात्रा दुप्पट केली. यांपैकी कशानेही लक्षणीय लाभ झाला नाही. 'अधिक' म्हणजे 'उत्तम' असे नव्हे, हे मोजल्याशिवाय कळले नसते.

१५/
माघारीनंतर काय? १९९४ साली रॉबर्ट मेयर आणि सहकाऱ्यांनी माघार मिळालेल्या ५९६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांना सायटाराबिनच्या तीन निरनिराळ्या मात्रा दिल्या होत्या. ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांत चार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेले होते २४, २९ आणि ४४ टक्के. सर्वांत मोठी मात्रा सरस ठरली. पण साठीपुढील रुग्णांत कोणत्याही गटात हे प्रमाण १६ टक्क्यांवर गेले नाही. एकाच चाचणीने तरुणांना आशा दिली आणि वृद्धांच्या बाबतीत वैद्यकाची मर्यादा उघड केली.

१६/
चाचणीचे महत्त्व पटवणारे आणखी एक प्रकरण. जेमटुझुमॅब या प्रतिपिंडाला विष जोडलेले असते आणि ते थेट रोगट पेशीला चिकटते. २००० साली अमेरिकेत रोग उलटलेल्या वृद्धांसाठी त्याला घाईने मान्यता मिळाली. पुढे सात अधिक तीनच्या जोडीला ते देऊन पाहिले, तेव्हा लाभ तर दिसला नाहीच, उलट सुरुवातीच्या उपचारातच मृत्यू वाढले. २०१० साली औषध मागे घेतले गेले.
गोष्ट तेथे संपली नाही. फ्रान्समधील संशोधकांनी तेच औषध लहान लहान मात्रांत विभागून ५० ते ७० वर्षांच्या रुग्णांना सात अधिक तीनसोबत दिले. या वेळी लाभ दिसला आणि २०१७ साली औषध परत आले. औषध तेच होते. बदलले ते प्रमाण आणि वेळ.

१७/
ज्यांना सात अधिक तीन झेपतच नाही, अशा वृद्ध व अशक्त रुग्णांचे काय? २०२० साली ४३१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. अझासायटिडिन या एकाच औषधावर असलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान होते ९.६ महिने; जोडीला व्हेनेटोक्लॅक्स घेणाऱ्यांचे १४.७ महिने. फरक पाच महिन्यांचा. ऐकायला थोडा वाटेल. पण ज्या गटासाठी दीर्घकाळ काहीच सरकत नव्हते, तेथे तो मोठा होता.

१८/
या कथेत एकच एक नायक नाही आणि रामबाण औषधही नाही. स्पंज, किल्ल्याजवळची माती, उंदरांवरचे गणित, दात्यांच्या प्लेटलेट अशा तुटक गोष्टी तुलनेच्या शिस्तीने एकत्र गुंफल्या गेल्या. त्या शिस्तीची किंमत रुग्णांनी मोजली. पाच अधिक दोनच्या गटात कोणीतरी होतेच. जेमटुझुमॅब मिळून दगावलेलेही होते. त्यांची नावे शोधनिबंधांत नसतात. ते टक्केवारीत असतात. आज एखाद्या प्रौढाला ल्युकेमियातून माघार मिळते, तेव्हा तिच्यामागे या अनामिकांचा वाटा असतो. इतिहास वाचताना टक्केवारीपाशी क्षणभर थांबावे, ते यासाठी.

धागा समाप्त. शंका असल्यास खाली जरूर विचारा.