दाढीआधी तेल: आजोबांची रीत की आजची?

हजामतीच्या व्यवसायाच्या इतिहासावर पीएचडी करतोय असं सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘पूर्वी दाढीच्या आधी गालाला खोबरेल चोळायचे ना?’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ ऐकायचं असतं. घरातलं तेल म्हणजे जुनं आणि चांगलं, बाजारातलं क्रीम म्हणजे नवं आणि वाईट, असं आपण धरूनच चालतो. पण न्हाव्याची धोकटी उघडून बघितली, की गोष्ट जरा वेगळी दिसते.

धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारं ठेवायची पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी. संत सेना न्हावी यांच्या नावावर असलेला एक प्रसिद्ध अभंग याच सामानावर रचलेला आहे. त्यात आरशाला विवेकाची, चिमट्याला वैराग्याची आणि पाण्याला शांतीची उपमा आहे. रूपक बाजूला ठेवून फक्त काम बघा. वस्तरा फिरवण्याआधी डोकं पाण्याने चोळायचं आहे. साबण नाही, तेलही नाही.

म्हणजे न्हाव्याच्या हाताला तेल माहीत नव्हतं असं नाही. अंग रगडणं, डोक्याला तेल चोळणं ही कामंही त्याच्याकडेच असत. पण चंपीचं तेल वेगळं आणि दाढीचं पाणी वेगळं.

यामागे चांगलं कारण आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि तो आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. पाणी आत शिरलं की केराटिनमधले काही बंध सैल होतात, केस फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला कमी जोर लागतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात. कोमट पाणी असेल तर काम लवकर होतं. न्हावी ओल्या बोटांनी गाल बराच वेळ चोळत बसायचा, तो वेळकाढूपणा नव्हता.

तेल हे काम करत नाही. ते पातं आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर देतो, त्यामुळे घासणं कमी होतं. हाही फायदाच, पण वेगळा. खोबरेलाची तर आणखी एक गंमत आहे. २००३ मध्ये मॅरिको या कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसाचं पाण्याने फुगणं कमी करतं, असं त्यांना दिसलं. (मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हेही लक्षात ठेवायचं. साधन कुणाचं आहे हे विचारणं ही इतिहासवाल्यांची सवय!) डोक्याच्या केसांसाठी हा गुण चांगला. पण दाढीआधी आपल्याला केस फुगायलाच हवा असतो. कोरड्या गालाला आधी तेल लावलं, तर आपण पाण्याचीच वाट अडवतो.

मग तेल आलं कुठून? माझं उत्तर असं, की न्हाव्याचा हात गेला म्हणून. १९०४ मध्ये किंग कॅम्प जिलेटला सेफ्टी रेझरचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि हळूहळू दाढी न्हाव्याकडून घरच्या आरशासमोर आली. कामावर जायची घाई, चोळायला कुणी नाही. ती तयारी आता डबीतून विकत मिळू लागली. १९१९ मध्ये अमेरिकेत आलेलं बार्बासॉल तर ब्रश आणि फेस दोन्ही टाळायचं म्हणूनच निघालं होतं. हल्लीची ‘प्री-शेव्ह’ तेलं त्याच वाटेवरची. खोबरेलाच्या बाटलीला आपण आजोबांचं नाव दिलं, एवढंच.

मला यात खटकतं ते वेगळंच. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला दर दाढीचे पैसे नसत. सुगीला घरटी धान्य मिळे. गाल किती वेळ भिजवायचा, केस कुठल्या दिशेला वळतो, कातडी कुठे ताणायची, याची वेगळी किंमत कुणी धरली नाही. ते ज्ञान म्हणून फारसं लिहूनही ठेवलं गेलं नाही. आणि आता ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून आपण आठवतो ते तेल. हात विसरलो.

तेल लावूच नका, असं माझं म्हणणं नाही. क्रम मात्र बदला. आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाणी चोळून, मग ओल्या गालावरच तीन-चार थेंब तेल. मुरमं येत असतील तर खोबरेल टाळलेलं बरं.

आणि एक विनंती. तुमच्या घरी ओसरीवर बसून दाढी केलेली माणसं असतील, तर त्यांना विचारा, न्हाव्याच्या वाटीत काय असायचं आणि तो किती वेळ चोळायचा. गाव आणि साधारण साल लिहून मला कळवा. ज्यांच्या घरात हा धंदा होता त्यांनी तर नक्कीच.