गृहपरिचर्या व आरोग्यभेट सेवा, ब्रिटनमधील

रुग्णाच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी 'डिस्ट्रिक्ट नर्स' आणि मुख्यत्वे माता-बालकांना घरी भेटून सल्ला देणारी 'हेल्थ व्हिजिटर' यांच्या सेवा. इंग्लंड-वेल्समध्ये 1948 ते 1974 या काळात त्या स्थानिक कौन्सिलांकडे होत्या. दोघी पुष्कळदा एकाच घरी जात, मात्र त्यांचे प्रशिक्षण वेगळे होते.

पूर्वपीठिका : लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पत्नीच्या अखेरच्या आजारात ठेवलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेलाच 1859 मध्ये गरिबांच्या शुश्रूषेचे काम दिले. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून 1887 मध्ये या कामासाठी 'क्वीन्स इन्स्टिट्यूट' उभी राहिली. आरोग्यभेटीचा उगम सामान्यतः मँचेस्टर-सॅल्फर्डमधील 1862 च्या महिला संघटनेत मानला जातो.

कायदा : राष्ट्रीय आरोग्य सेवा कायदा 1946 मध्ये झाला व 5 जुलै 1948 रोजी अमलात आला. त्याने रुग्णालये राष्ट्रीय व्यवस्थेखाली घेतली. आरोग्यभेट (कलम 24) व गृहपरिचर्या (कलम 25) मात्र काउंटी व काउंटी बरो कौन्सिलांवर सोपवली. गृहपरिचर्या स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवण्याची मुभा असल्याने अनेक ठिकाणी जुन्याच मंडळांच्या परिचारिका कामावर राहिल्या. रुग्णांची वर्गणी तेवढी सुटली. हेल्थ व्हिजिटरला घरात शिरण्याचा कायदेशीर हक्क नव्हता. बाळाच्या आईने दार उघडले तरच भेट घडे. या सेवेचे मूल्यमापन भेटींच्या आकड्यांवरून करणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब सुटते.

कार्यपद्धती : परिचारिका खोलीत आल्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बॅग ठेवी आणि कोट उलटा घडी करून बाजूला ठेवी. साबण, टॉवेल व नखांचा ब्रश ती स्वतःचे आणी. पाणी आणि सिरिंज उकळायला पातेले घरचे. वापरलेल्या पट्ट्या कागदात गुंडाळून शेगडीत जाळल्या जात. अंग पुसणे, एनिमा, मलमपट्टी ही कामे जुनीच होती. त्यांत इन्सुलिन, पेनिसिलिन व क्षयरोग्यांसाठी स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांची भर पडली. एकदाच वापरून टाकण्याच्या सिरिंजा आल्यावर उकळण्याचा खटाटोप संपला. सूचनापुस्तिकांत एवढा तपशील आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची रात्रंदिवस उस्तवार करणाऱ्या घरच्या बायकांचा त्यांत जेमतेम उल्लेख येतो.

प्रशिक्षण : जेमसन समितीने (अहवाल 1956) हेल्थ व्हिजिटरला साऱ्या कुटुंबाची सल्लागार मानले. 1962 च्या कायद्याने तिच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. समाजकार्यकर्त्यांशी तिच्या कामाची सीमा कोठे आखावी, याबाबत मतभेद राहिले.

हस्तांतर : साठच्या दशकात दोघींनाही कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांशी जोडण्याची प्रथा वाढली. 1 एप्रिल 1974 रोजी दोन्ही सेवा कौन्सिलांकडून आरोग्य प्राधिकरणांकडे गेल्या.

स्कॉटलंड : स्वतंत्र कायदा, 1947.

भारत : 'लेडी हेल्थ व्हिजिटर' हे पद ब्रिटिश अमदानीतच आले; महाराष्ट्रात पुढे 'आरोग्य सहायिका'.