पर्पल मार्टिन पक्ष्याची मानवनिर्मित घरटी : एक साधनचिकित्सा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात नदीच्या, सरोवराच्या किंवा तळ्याच्या काठी मोकळ्या जागेत उंच खांबावर बसविलेले अनेक खणांचे पांढरे घर, अथवा आडव्या दांड्यांना टांगलेले पोखरलेले भोपळे, हे दृश्य आजही ठिकठिकाणी आढळते. ही योजना पर्पल मार्टिन या पक्ष्यासाठी केलेली असते. भिंगरीच्या कुळातील हा त्या खंडातील सर्वांत मोठा पक्षी होय. त्याची लांबी सुमारे २० सेंटिमीटर असून पूर्ण वाढलेल्या नराचा रंग जांभळट झाकेचा निळा-काळा असतो. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून तो वसंतऋतूत विणीसाठी उत्तरेस येतो. खंडाच्या पश्चिम भागात तो अद्यापि सुतारपक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलींत घरटे करतो. पूर्वेस मात्र तो जवळजवळ सर्वस्वी मनुष्याने उभारलेल्या घरांवर अवलंबून राहिला आहे. एका रानपक्ष्याच्या एवढ्या मोठ्या समूहाने मनुष्याच्या आश्रयास यावे, ही घटना केवळ प्राणिशास्त्राची नव्हे. तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची साधने तपासून पाहण्याजोगी आहेत.

या प्रथेचा उगम अमेरिकेतील मूळ रहिवाशांकडे आहे, असे सामान्यतः निःशंकपणे सांगण्यात येते. साधनांचा कालानुक्रम लावला असता मात्र निराळे चित्र दिसते. जॉन लॉसन याने १७०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅरोलायनाच्या प्रवासवृत्तात, मळेवाले लोक या पक्ष्यांसाठी खांबांवर भोपळे लावतात व हे लढाऊ पक्षी मळ्यांतून कावळ्यांना पिटाळून लावतात, अशी नोंद आहे. त्याने दिलेले पांढऱ्या गळ्याचे व छातीचे वर्णन नराशी जुळत नाही. तथापि पक्ष्याचा आकार आणि भोपळ्यांचा उल्लेख पाहता ओळखीविषयी फारशी शंका उरत नाही. पुढे १७३१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात मार्क केट्सबी यानेही घरांना लावलेले खण आणि खांबांवरील भोपळे यांचा उल्लेख केला असून, कोंबड्यांवर टपलेले ससाणे व कावळे हुसकावण्यास हे पक्षी उपयोगी पडतात, असे म्हटले आहे. मूळ रहिवाशांचा स्पष्ट उल्लेख येतो तो त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, अलेक्झांडर विल्सन याच्या १८०८ ते १८१४ या काळात प्रकाशित झालेल्या पक्षिविषयक ग्रंथात. चॉक्टॉ व चिकासॉ लोक आपल्या झोपडीजवळच्या रोपट्याचा शेंडा छाटून फांद्यांचे खुंट तेवढे ठेवतात व प्रत्येक खुंटाला पोखरलेला भोपळा टांगतात, असे तो लिहितो. १८१० मध्ये तो स्वतः त्या प्रदेशातून गेला होता. म्हणून त्याच्या साक्षीस विशेष वजन आहे.

यावरून प्रथा गोऱ्या वसाहतवाल्यांनी सुरू केली असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. लेखणी ज्याच्या हाती, त्याचाच आचार प्रथम नोंदला जातो. दुध्या भोपळ्याची लागवड अमेरिकेत कोलंबसाच्या पूर्वी हजारो वर्षे होत होती, हे उत्खननांतून सिद्ध झाले आहे. परंतु भोपळा कुजून जाणारी वस्तू असल्याने तो पक्ष्यासाठीच टांगला होता, याचा भौतिक पुरावा मिळणे कठीण. तेव्हा मूळ रहिवाशांकडील उगम हे संभाव्य अनुमान आहे, सिद्ध तथ्य नव्हे; एवढाच निष्कर्ष साधनांच्या आधारे काढता येतो.

विल्सनच्या त्याच परिच्छेदात आणखी एक नोंद आहे आणि तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. मिसिसिपी नदीच्या काठी निग्रो लोक लांब वेळूच्या टोकांना असेच भोपळे बांधतात, असे तो सांगतो. त्या काळी त्या प्रदेशातील बहुतेक निग्रो गुलामगिरीत होते. मळेवाल्यांनी खांब लावले असे लॉसन म्हणतो तेव्हा ते प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी लावले गेले, हा प्रश्न विचारणे त्यामुळे प्राप्त होते. ज्यांच्या मालकीचे स्वतःचे घर नव्हते त्यांनी पक्ष्यासाठी घर टांगावे, ही गोष्ट प्रथेच्या प्रचलित इतिहासात सहसा येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा पक्षी नगरवासीही झाला. खेड्यापाड्यांतील बहुतेक खाणावळींच्या पाटीवर त्याचे घर असते आणि घर जितके सुबक तितकी खाणावळ चांगली, असा आपला अनुभव ऑड्युबॉन याने १८३१ मध्ये नोंदविला आहे. परंतु याच शतकाच्या मध्यास ब्रुकलिन येथे युरोपातील घरचिमणी आणून सोडण्यात आली, आणि १८९० व १८९१ मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपीय साळुंकी, म्हणजे स्टार्लिंग, सोडण्यात आली. हे दोन्ही पक्षी ढोली बळकावणारे. जंगलतोडीने वठलेली झाडे आधीच कमी झाली होती. त्यात ही स्पर्धा आली. आश्रय ही सोय होती, ती अशा रीतीने गरज झाली.

विसाव्या शतकात प्रथेचे समर्थनही बदलले. कावळे हाकणारा पक्षी आता डास खाणारा ठरला. १९६० नंतरच्या दशकात इलिनॉयमधील ग्रिग्सव्हिल या गावी जे. एल. वेड यांनी ॲल्युमिनियमच्या घरांचा मोठा प्रसार केला, आणि एक पक्षी दिवसाला २,००० डास खातो ही समजूत सर्वत्र रूढ झाली. पाण्याकाठी डास असतात, पक्षीही पाण्याकाठी येतो. म्हणून तो डासांसाठीच येतो, असा हा तर्क होता. हर्बर्ट केल यांनी १९६८ मध्ये या समजुतीची चिकित्सा केली. हा पक्षी दिवसा व बऱ्याच उंचीवर भक्ष्य पकडतो, तर बहुतेक डास सायंकाळनंतर व जमिनीलगत वावरतात. उलट ज्या चतुरांवर तो ताव मारतो, ते चतुर स्वतःच डासांचे भक्षक आहेत. पाण्याचे आकर्षण त्याला आहे ते अन्य कारणांनी: उडत उडत पाणी पिता येते, वर मोकळे आकाश मिळते, मोठे कीटक विपुल असतात आणि घरट्याच्या दाराशी बांध घालण्यास चिखल सापडतो.

समर्थन खोटे ठरले, तरी प्रथा टिकली. तिच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये पर्पल मार्टिन कन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्थाही स्थापन झाली. आज घर उभारणाऱ्यास सांगण्यात येते ते एवढेच: खांब झाडांपासून दूर व माणसांच्या वस्तीजवळ असावा, घर खाली उतरवून तपासता यावे, आणि चिमणी व स्टार्लिंग यांना आत ठाव मिळू देऊ नये. घर लावून विसरणाऱ्याचे घर लवकरच चिमण्यांचे होते. अभ्यासकाने यातून एक भेद ध्यानात ठेवावा. एखादी प्रथा का चालते आणि ती का चालते असे लोक सांगतात, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कावळे, ससाणे, डास ही कारणे प्रत्येक युगाने आपापल्या गरजेनुसार दिली. कारणे बदलली, भोपळा टांगणारा हात मात्र थांबला नाही, आणि आता तो थांबला तर पूर्वेकडील या पक्ष्याला जाण्यासारखे दुसरे ठिकाण फारसे उरलेले नाही.