रोजकीर्द आणि रोजनिशी : तंजावूरच्या मराठी दप्तराचा एक विचार

गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांना ‘रोजनिशी’ हे नाव मिळाले. वस्तुतः ती सरकारी रोजकीर्द होती. जमा, खर्च, सनदा, हुकूम आणि इनामे यांची दररोजची नोंद म्हणजे रोजकीर्द. तीत लिहिणाऱ्या कारकुनाचे सुखदुःख शोधू जाता हाती काही लागत नाही. तरीही हे नामकरण सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. मराठीत ‘रोजनिशी’ हा एकच शब्द हिशेबाच्या वहीलाही चालतो आणि आत्मनिवेदनालाही. यामागे लेखनव्यवहाराची एक जुनी धारणा आहे. तौलनिक अभ्यासात मात्र दैनंदिनी म्हणजे ‘मी’चे लेखन हा युरोपीय संकेत बहुधा गृहीतच धरला जातो. तो किती अपुरा आहे, हे तंजावूरच्या मोडी दप्तराकडे पाहता ध्यानात येते.

सरस्वती महाल ग्रंथालयात या दप्तराचे शेकडो रुमाल आहेत. त्यांत राजवाड्याचा खर्च आहे, देवस्थानांची नेमणूक आहे, छत्रांतील अन्नदानाचा हिशेब आहे, कलावंतांची बिदागी आहे. भोसले घराण्याचा जो इतिहास जगाने वाचावा असे सरफोजी राजांस वाटत होते, तो १८०३ साली बृहदीश्वराच्या प्राकारात शिळांवर कोरविला गेला. वंश, पराक्रम आणि राज्यारोहणे ही दगडावर गेली. तांदूळ, तूप, औषधे आणि वेतन ही कागदावर राहिली. अभ्यासकांची दृष्टी अर्थातच प्रथम दगडाकडे वळली.

तंजावूरच्या परिसरात रोजच्या नोंदीच्या आणखी दोन परंपरा अठराव्या शतकात नांदत होत्या, हे येथे विसरता कामा नये. पुदुच्चेरीस फ्रेंच कंपनीचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याने १७३६ पासून १७६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, तमिळमध्ये दैनंदिनी लिहिली. गलबतांची ये-जा, ड्युप्लेशी झालेली संभाषणे, त्याच्या पत्नीविषयीची नाराजी, शकुन, बाजारातील वार्ता असे सारेच त्याने टिपले. १७४९ च्या अखेरीस चंदासाहेब व फ्रेंच यांनी प्रतापसिंहाच्या तंजावुरास वेढा घातला, त्याच्या बातम्याही त्यात येतात. पिळ्ळैचा ‘मी’ ठसठशीत आहे, मानी आहे, क्वचित आत्मस्तुतीतही रमतो. पण त्याच्या लेखनाची बैठक व्यापाऱ्याच्या वहीची आहे. लंडनच्या नौदल कचेरीतला सॅम्युएल पेपिस यालाही हिशेबाचे अंग होतेच. दोघांच्याही बाबतीत कचेरीतील सवय आणि स्वतःविषयीचे कुतूहल यांच्यामधली सीमारेषा आखणे अवघड आहे.

दुसरी परंपरा तरंगंबाडीची. १७०६ साली तेथे उतरलेल्या जर्मन मिशनऱ्यांना दैनंदिनी लिहून हाले येथे पाठवावी लागे. तिच्यातील वेचे तिकडे छापून वाचले जात. ही दैनंदिनी म्हणजे ईश्वरापुढचा आणि संस्थेपुढचा हिशेबच. याच परंपरेतला श्वार्ट्झ हा सरफोजीचा पालक व शिक्षक होता. त्याने शिष्याला धर्मांतरित केले नाही. निरीक्षण आणि नोंद यांची शिस्त मात्र दिली असावी, असे मानण्यास जागा आहे. अर्थात या शिस्तीचे सारे श्रेय मिशनला देण्याची जी रीत पडली आहे, ती एकांगी आहे. मराठी दप्तराला लिहिण्याचे वेड लावण्यासाठी हालेहून कोणी येण्याची आवश्यकता नव्हती.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीकडे उरला किल्ला, राजवाडा, वसुलाचा पाचवा हिस्सा आणि एक लक्ष होन. लढाई नाही, मुलूखगिरी नाही, न्यायनिवाडाही किल्ल्यापुरताच. अशा वेळी नोंदीला निराळेच वजन येते. १८०१ साली रेसिडेंट टोरिन यास लिहिलेल्या पत्रात सरफोजी छत्रांची व्यवस्था बारकाईने सांगतो : वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना वैद्य, पोरक्या मुलांचे पालन, बाळंतिणीची देखभाल. छत्रे आपल्याकडेच राहावीत, हा त्यामागील आग्रह होता. रोजच्या शिजलेल्या भाताची मोजदाद हा तेथे राजेपणाचा पुरावा ठरतो. ज्याच्यापाशी सत्ता नाही त्याला आपला कारभार चोख आहे हे दररोज सिद्ध करावे लागते. या दप्तरातील चिकाटीला केवळ दरबारी रूढी म्हणून बाजूस सारणे त्यामुळे कठीण जाते.

या नोंदींचा सर्वांत विलक्षण भाग नेत्ररुग्णांचा आहे. सरफोजीच्या काळातील चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांची टिपणे सरस्वती महालात सापडली असून ती १८२७ च्या सुमाराची आहेत. रोग्याची तक्रार, शस्त्रक्रिया, तिचा परिणाम असा क्रम त्यांत आहे. सोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. धन्वंतरी महालातील उपचारांचा अनुभव पुढे तमिळ पद्यातही बांधला गेला. शिळालेखात ज्यांना जागा मिळण्याची शक्यता नव्हती अशी माणसे या कागदांवर आपापले दुखणे घेऊन येतात. लिहिणारा स्वतःविषयी बोलत नाही हे खरे. परंतु काल पाहिलेला डोळा आज पुन्हा पाहून जो फरक लिहितो, त्याच्या लेखनात पाहणारा अनुपस्थित आहे असे कसे म्हणावे? दैनंदिनीचे मर्म ‘मी’ या सर्वनामात नसून या पुन्हा पाहण्यात आहे, असे मानले तर वाडांच्या संपादनाचे नावही फारसे खटकत नाही.

१८५५ मध्ये दुसरा शिवाजी औरस पुत्रावाचून वारला आणि कंपनीने राज्य खालसा केले. ग्रंथालय १९१८ साली लोकांसाठी खुले झाले. तंजावूरच्या मराठी कुटुंबांत भाषा घरापुरती टिकली. मोडी वाचणारे विरळ होत गेले. १९८० च्या दशकात या दप्तरातील निवडक कागद तंजावूरच्याच तमिळ विद्यापीठाने तमिळ अनुवादासह ग्रंथरूपात आणले. मराठी राजघराण्याच्या रोजच्या जगण्याचा शोध घेणाऱ्या मराठी अभ्यासकाला आज पुष्कळदा त्या तमिळ खंडांपासूनच आरंभ करावा लागतो.