इरोड (इंग्रजी क्रियापद)

हळूहळू झिजवणे किंवा झिजणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. उच्चारात आघात दुसऱ्या अक्षरावर. नाम : इरोजन. मुळात लॅटिन ‘एरोडेरे’, म्हणजे कुरतडून टाकणे. उंदीर-घुशींच्या वर्गाला इंग्रजीत ‘रोडंट’ म्हणतात ते याच धातूवरून. संस्कृतातील रद, रदन (दात) हे शब्दही याच कुळातील मानले जातात. ‘द्विरद’ म्हणजे हत्ती हे माहीत असणाऱ्याला इरोड परका वाटू नये. नाम इंग्रजीत सोळाव्या शतकात आले, क्रियापद सतराव्याच्या आरंभी. भूगोलातला अर्थ बराच नंतरचा.

मराठीत झिजणे आणि झिजवणे ही रूपे वेगळी आहेत. इंग्रजीत दोन्हींना इरोडच. ‘द रिव्हर इरोडेड द बँक’ म्हणजे नदीने काठ झिजवला, ‘द बँक इरोडेड’ म्हणजे काठ झिजला. झिजवणारे बळ एका वेळी थोडेच काम करते, पण पुन्हापुन्हा करते; शब्दाचा जीव या सावकाशपणात आहे. म्हणून एका रात्रीच्या पुरात बांध गेला, तर तिथे ‘वॉश अवे’ हवे. पाठ्यपुस्तकात नदीचे ‘खनन’ आणि जमिनीची ‘धूप’ असे दोन शब्द भेटतात. इंग्रजीत दोन्हींना इरोजन चालते. खडक जागच्या जागी फुटतो ते मात्र विदारण, त्याला इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात. आम्लाने दातांचे कवच विरते तेव्हाही इरोड वापरतात.

लाक्षणिक अर्थाने विश्वास, अधिकार, महागाईने घटणारे बचतीचे मोल यांसाठी हे क्रियापद सर्रास येते. मराठी माणसाची खरी अडचण इथेच होते. आपण चंदनासारखे झिजतो, आई मुलांसाठी झिजते. या झिजण्यात मान आहे. इरोडमध्ये नुकसानाखेरीज काही नाही, त्यामुळे आईच्या वाक्यात ते घालणे मोठी चूक ठरेल. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे किंवा चपला झिजणे यांनाही ते चालत नाही. चपलांना ‘वेअर आउट’ म्हणावे. उंबरठ्यांचा वाक्प्रचार इंग्रजीत शब्दशः नेताच येत नाही.

तमिळनाडूतील ईरोड हे हळदीच्या बाजाराचे शहर, गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे जन्मस्थान (१८८७). रोमन लिपीत त्याची अक्षरे नेमकी हीच असली, तरी नाव तमिळ आहे आणि क्रियापदाशी त्याचे नाते नाही.