यंत्राची रोजनिशी कशी वाचावी?

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. मी गेली काही वर्षे ज्या साधनांचा अभ्यास करतो आहे, ती वेगळी आहेत. युनिक्स ही संगणकप्रणाली आपल्या डिस्कच्या बिघाडाविषयी ज्या ओळी लिहून ठेवते, त्या ओळी. या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे.

१९९८ साली एका लहान कारखान्याच्या हिशेब विभागात सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. संगणकाचे रीतसर शिक्षण नव्हते. मॅन्युअल वाचून जे उमगेल तेवढेच. सोलारिसच्या लॉगमध्ये एक इशारा वरचेवर दिसू लागला. त्यात ‘एरर लेव्हल: रिट्रायएबल’ असे शब्द होते. पुन्हा प्रयत्न करण्याजोगी चूक, असा त्याचा अर्थ मी लावला आणि दुसऱ्या प्रयत्नात वाचन होतेच आहे म्हणून सोडून दिले. महिनाभराने डिस्क बसली. शेवटचा बॅकअप नऊ दिवसांपूर्वीचा होता. विभागातले ज्येष्ठ कारकून रोज रात्री आठपर्यंत बसून व्हाउचर वाचून दाखवीत आणि मी नोंदी भरीत असे. त्यांनी एकदाच विचारले, “यंत्राने आधी काही सांगितलं नव्हतं का हो?”

या प्रश्नाचा पाठपुरावा मला मागे मागे नेत गेला. युनिक्सचा जन्म १९६९ चा, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. २००२ साली काल्डेरा या कंपनीने जुन्या युनिक्सची मूळ संहिता खुली केली, तेव्हा १९७५ ची सहावी आवृत्ती मला वाचता आली. सोबतीला जॉन लायन्स यांचे भाष्य होते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी ते १९७७ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी लिहिले. परवान्याच्या अटींमुळे ते वर्षानुवर्षे झेरॉक्स प्रतींवरच फिरले आणि रीतसर छापले गेले ते १९९६ साली.

त्या आवृत्तीतला डिस्कचा संदेश अवघ्या दोन ओळींचा आहे. पहिल्या ओळीत ‘एर ऑन डेव्ह’ आणि दोन आकडे: पहिला उपकरणाचा प्रकार सांगतो, दुसरा त्यातले नेमके उपकरण. दुसऱ्या ओळीत ब्लॉकचा क्रमांक आणि डिस्क-नियंत्रकाच्या दोन रजिस्टरांतील मजकूर अष्टमान पद्धतीत. बस्स. ही काटकसर का? गाभ्यातून छापण्याचे काम चालू असताना बाकीचे सगळे काम थांबत असे; म्हणून या सोयीचा गप्पांसाठी वापर करू नये, अशी ताकीदच संहितेत लिहिलेली आहे. त्या काळच्या एएसआर-३३ टेलिटाइपचा वेग सेकंदाला दहा अक्षरे. पस्तीस अक्षरांचा संदेश म्हणजे साडेतीन सेकंद यंत्र ठप्प.

आता याच संहितेतला दुसरा भाग पाहा. आरके०५ या डिस्कवर ४,८७२ ब्लॉक असत, प्रत्येकी ५१२ बाइटचे. वाचन फसले की गाभा आधी संदेश छापतो, मग नियंत्रक पूर्वस्थितीला आणतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. असे दहा वेळा. त्यानंतरच तो हार मानून ब्लॉकवर चुकीची खूण करतो. म्हणजे एक ओळ दिसली तर माहिती गेली असे होत नाही, आणि अकरा ओळी दिसल्या तर अकरा बिघाड झाले असेही नाही. ओळ ही प्रयत्नाची नोंद आहे, निकालाची नाही.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘डीमेसेज’ ही आज्ञा आहे. गाभ्यातल्या राखीव जागेतले संदेश दर दहा मिनिटांनी उचलून फाइलच्या शेवटी जोडावेत, अशी तिची रीत. ती राखीव जागा होती १२८ अक्षरांची! संदेश भराभर आले की जुने पुसले जात. आणि यंत्र कोसळण्याच्या लगेच आधीचे संदेश फाइलमध्ये कधीच पोहोचत नाहीत, हे तिच्या मॅन्युअलमध्येच मान्य केलेले आहे. ज्या क्षणाची नोंद सर्वांत मोलाची, नेमकी तीच दप्तरातून गहाळ. बखरींवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

पुढे बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालप्रणालीसाठी ‘सिसलॉग’ लिहिले आणि नोंदींना तीव्रतेच्या पायऱ्या मिळाल्या. १९८६ साली स्कझीचे प्रमाण मंजूर झाले, तेव्हापासून डिस्कही ठरावीक भाषेत कारण सांगू लागली. ‘रिकव्हर्ड एरर’ म्हणजे डिस्कने स्वतःच सावरले. ‘मीडियम एरर’ म्हणजे तबकडीचा पृष्ठभाग संशयित. ‘अबॉर्टेड कमांड’ दिसले तर डिस्क बदलण्याआधी केबल आणि जोडण्या तपासाव्यात.

एवढे वाचल्यावर मी १९९८ च्या त्या लॉगची जपून ठेवलेली छापील पाने पुन्हा काढली. ‘रिट्रायएबल’ हा शब्द मी वाचला होता; त्याखालची ओळ वाचली नव्हती. तिथे ‘रिक्वेस्टेड ब्लॉक’ आणि ‘एरर ब्लॉक’ असे दोन आकडे होते. मागणी एका ब्लॉकपासून सुरू होते; दोष पुढच्या भलत्याच ब्लॉकमध्ये असू शकतो. मी रोज पहिलाच आकडा पाहत होतो आणि तो बदलत होता, म्हणून चूक किरकोळ वाटली. दुसऱ्या आकड्यांची तारीखवार यादी आता केली, तर ते सगळे एकमेकांच्या शेजारचे निघाले आणि दर आठवड्याला त्यांची संख्या वाढत गेलेली. पृष्ठभाग एकाच जागी झिजत होता. शेवटच्या रात्रीची नोंद मात्र नाही, कारण लॉग त्याच डिस्कवर होता. सिसलॉगला नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

साधन वाचताना ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे विचारावे लागते. मोडी कागदाला लागू असलेला हा नियम यंत्राच्या ओळीलाही लागू आहे. एकटी ओळ फारसे बोलत नाही. दहा ओळी तारखेनिशी शेजारी मांडल्या की बोलतात.

ते कारकून आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा “नाही” असे उत्तर दिले होते. खरे उत्तर असे, की यंत्राने महिनाभर रोज सांगितले होते.